बेघर म्हणजे कोण? अमेरिकेतल्या स्वस्त खोल्यांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा घेताना एका काकूंनी मला गाठलं. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, आणि त्या नुकत्याच सहा महिने राहून आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, बाकी सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोत गाडीतून उतरलो, तर फुटपाथवर तंबूच तंबू. मुलगा म्हणाला, आई, तिकडे बघू नकोस. मी म्हटलं, न बघायला काय झालं? हे लोक आहेत तरी कोण?" मुलाने सांगितलं, व्यसन आणि वेड. काकूंचं काही समाधान झालं नाही. त्यांचा पुढचा प्रश्न असा होता, "व्यसनी आणि वेडे लोक तिकडे पूर्वीही असतीलच की. तेव्हा ते कुठे झोपायचे?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. माझ्यासाठी हा फार चांगला प्रश्न आहे. आजचं व्याख्यान त्यालाच वाहिलेलं आहे, असं समजा.

आधी आकडा सांगतो, कारण तो ऐकल्याशिवाय आपलं मन लागत नाही. अमेरिकेत दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत एका रात्री बेघरांची मोजणी होते. शेल्टरमधल्या खाटांची नोंद तयार असते. बाहेर मात्र स्वयंसेवक बॅटऱ्या घेऊन पुलांखाली, गाड्यांमध्ये, झुडपांमध्ये डोकावत फिरतात. जानेवारी २०२४ च्या मोजणीत ७,७१,४८० माणसं सापडली. आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त. त्यातली काही वाढ न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हर इथल्या शेल्टरांत आलेल्या नव्या स्थलांतरितांची होती, काही माउई बेटावरच्या वणव्यानंतरची होती, आणि बरीचशी वाढलेल्या भाड्यांची. दर दहा हजारांत २३ माणसं, असं ते प्रमाण पडतं.

मुंबई पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण यात कोण धरलेलं नाही तेही बघा. नोकरी गेली, भाडं थकलं, आणि बायकामुलांना घेऊन मेहुण्याच्या हॉलमध्ये गादी टाकली, तर या मोजणीत तुम्ही बेघर नाही. शाळांची व्याख्या वेगळी आहे. दुसऱ्याच्या घरात नाइलाजाने कोंबून राहणारं मूलही त्या बेघर धरतात. त्या हिशेबाने २०२१-२२ या शालेय वर्षात सरकारी शाळांत सुमारे १२ लाख मुलं बेघर होती. एका खात्याच्या मोजणीत सगळ्या वयाची मिळून पावणेआठ लाख माणसं, आणि दुसऱ्याच्या नोंदीत नुसती मुलंच बारा लाख. एक आकडा एका रात्रीचा आहे आणि दुसरा अख्ख्या वर्षाचा, हे खरं. तरी 'बेघर' या शब्दाचा अर्थ कोण लावतंय यावर केवढं अवलंबून आहे, ते दिसतं.

आता या शब्दाकडेच येतो. मराठीत 'घर' म्हणजे भिंतीही आणि माणसंही. "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाचं उत्तर चौरस फुटांत कोणी देत नाही. 'त्याचं घर मोडलं' म्हणजे छप्पर कोसळलं असं नाही. गंमत म्हणजे अमेरिकेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी 'होमलेस' या शब्दाचा अर्थ बराचसा आपल्या या दुसऱ्या अर्थाजवळचा होता. होमलेस म्हणजे बायकोमुलं, नातंगोतं नसलेला, सडाफटिंग माणूस. राहायला त्याच्याकडे खोली असे!

हे मी शब्दच्छल म्हणून सांगत नाही. डोनाल्ड बोग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ च्या सुमारास शिकागोच्या 'स्किड रो' वस्तीचा अभ्यास केला. (हे नाव मूळचं सिएटलचं. लाकडाचे ओंडके घसरवत गिरणीपर्यंत न्यायचा रस्ता तो 'स्किड रोड', आणि त्याच्या आजूबाजूला मजुरांच्या खाणावळी, दारूचे गुत्ते, स्वस्त लॉज.) बोगला शिकागोत सुमारे १२,००० 'होमलेस' माणसं सापडली. त्यांतली रात्री खरोखर रस्त्यावर झोपणारी किती? शंभराच्या आसपास. बाकी सगळे छपराखाली होते. मोठाल्या हॉलमध्ये फळ्या ठोकून कोंबडीच्या खुराड्यासारखे कप्पे केलेले असत, भिंती वरपर्यंत जात नसत, आणि शेजाऱ्याने वरून हात घालून चोरी करू नये म्हणून डोक्यावर तारेची जाळी. भयंकर जागा. पण दार होतं, कडी होती, पाऊस-बर्फ आत येत नव्हता. तीस वर्षांनी, १९८५-८६ मध्ये, पीटर रॉसीने त्याच शिकागोत रात्री फिरून मोजणी केली, तर शरद ऋतूत नुसते रस्त्यावर आणि स्टेशनांत झोपणारेच हजाराहून जास्त भरले.

काकू, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ते खोल्यांत झोपायचे. मग त्या खोल्या गेल्या कुठे?

या खोल्यांना तिकडे एसआरओ म्हणतात, म्हणजे एका माणसाची एक खोली. दहा बाय दहाच्या आतबाहेर. एक पलंग, कोपऱ्यात बेसिन, व्हरांड्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास-न्हाणी. भाडं आठवड्याचं, डिपॉझिट नाही, जामीन नाही, कागदपत्रं नाहीत. आपल्या चाळीशी तुलना करायचा मोह होतो, पण चाळीत संसार होते. याची खरी तुलना गिरणगावातल्या त्या गाळ्यांशी, जिथे कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गडी पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे.

यातली एक इमारत जरा जवळून पाहू. सॅन फ्रान्सिस्कोत कर्नी स्ट्रीटवर, चायनाटाउनला लागून, इंटरनॅशनल हॉटेल होतं. लोक त्याला आय-हॉटेल म्हणत. तिथे राहायचे म्हातारे फिलिपिनो आणि काही चिनी कामगार. फिलिपिनो मंडळी त्यांना 'मनाँग' म्हणत. इलोकानो भाषेत मनाँग म्हणजे थोरला भाऊ. आपण 'दादा' म्हणतो ना, तसं. १९२०-३० च्या दशकांत ही पोरं कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि अलास्कातल्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत कामाला आली. बायका जवळजवळ आल्याच नाहीत. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून फिलिपिनो पुरुषाचं गोऱ्या बाईशी लग्न बेकायदा ठरवलं. १९३४ मध्ये काँग्रेसने फिलिपिन्समधून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ५० माणसांवर आणली. लग्नावरची बंदी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली ती १९४८ मध्ये, आणि तोवर या मंडळींची चाळिशी आली होती. म्हणजे 'नातंगोतं नसलेला माणूस' हा काही निसर्गाने घडवलेला प्रकार नव्हता. सरकारने कलम घालून तो घडवला होता. अशा माणसाला कर्नी स्ट्रीटची एक खोली म्हणजे सर्वस्व. खाली पूल खेळायची जागा, शेजारी न्हाव्याचं दुकान, ओळखीची खानावळ, आणि जिन्यावर बसलेले आणखी चार मनाँग.

पण डाउनटाउनची जमीन महागली. बँकांच्या इमारती सरकत सरकत कर्नी स्ट्रीटपर्यंत आल्या. १९६८ मध्ये मालकाला तिथे पार्किंग करायचं होतं. म्हाताऱ्यांनी नकार दिला, विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि ही लढाई नऊ वर्षं चालली. शहराचा शेरीफ रिचर्ड हाँगिस्टो याने घरं खाली करायला नकार दिला म्हणून न्यायालयाने त्यालाच पाच दिवस तुरुंगात घातलं. आणि मग ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे तोच हाँगिस्टो पोलिसांसोबत हातोडा घेऊन दारं फोडताना दिसला. तो फोटो आजही सापडतो. बाहेर हात गुंफून सुमारे तीन हजार माणसं उभी होती. शेवटी आत उरलेल्या पन्नासच्या आसपास भाडेकरूंना बाहेर काढलं. इमारत पाडली. आणि नंतर त्या जागेवर काय झालं? काही नाही. पंचवीस-एक वर्षं तिथे नुसता खड्डा होता. २००५ मध्ये त्याच नावाने ज्येष्ठांसाठी १०४ घरांची इमारत उभी राहिली. तोवर बहुतेक मनाँग गेलेले होते.

त्याच शहरात मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला आणखी मोठं प्रकरण झालं. 'पुनर्विकास' हा शब्द आपल्या ओळखीचा आहेच. तिथे निवृत्त खलाशी, गोदी कामगार अशा खोल्यांत राहायचे. सुमारे चार हजार लोकांवर टाच येणार होती. त्यांतल्या जुन्या युनियनवाल्यांनी संघटना काढली आणि न्यायालयात गेले. १९७० मध्ये फेडरल न्यायाधीशांनी काम थांबवलं, आणि त्यामुळे काही पर्यायी घरं तरी पदरात पडली. एका इमारतीला त्यांचे म्हातारे पुढारी जॉर्ज वुल्फ यांचं नाव आहे. बाकी जागेवर मॉस्कोनी सेंटर आलं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुलं-सुना आयटीत आहेत, त्यांनी विचारून बघा. मोठ्या परिषदा तिथेच भरतात. गळ्यात पट्टा घालून आपण ज्या हॉलमध्ये कॉफी पितो, तिथे कोणाची तरी पथारी होती.

न्यूयॉर्कने तर हे काम नियमाने केलं. १९५५ मध्ये अशा नव्या खोल्या बांधायलाच बंदी घातली, आणि जुन्या मोडून फ्लॅट करणाऱ्या मालकाला करसवलत दिली. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. या खोल्या घाण होत्या, आगी लागायच्या, आणि कोणाही सुधारकाला वाटावं की माणसाने असं राहू नये. फक्त त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, की मग त्याने राहावं कुठे? देशभरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत मिळून अशा दहा लाखांच्या आसपास खोल्या गेल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आता वेड्यांच्या इस्पितळांची गोष्ट. ती तुम्ही ऐकली असेल, कारण सगळ्यांत लोकप्रिय उत्तर तेच आहे. सरकारी मनोरुग्णालयं रिकामी केली आणि रुग्ण रस्त्यावर आले. यात तथ्य आहे. १९५५ मध्ये तिथे साडेपाच लाखांहून जास्त रुग्ण होते. नवी औषधं आली, तिथल्या हालअपेष्टा उघडकीला आल्या, १९६३ मध्ये केनेडींनी कायदा करून वस्तीवस्तीत उपचार केंद्रांचं वचन दिलं. ठरल्यातली निम्मीही केंद्रं उभी राहिली नाहीत. १९८० पर्यंत रुग्णालयांत दीड लाखही माणसं उरली नव्हती.

पण तारखा नीट मांडून बघा. रुग्ण मुख्यतः बाहेर पडले साठ आणि सत्तरच्या दशकांत. रस्ते भरले ऐंशीच्या दशकात. मधली दहा-पंधरा वर्षं हे लोक होते कुठे? आय-हॉटेलसारख्या खोल्यांतच. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडला रुग्णालयं माणसाला बसचं तिकीट आणि एसआरओचा पत्ता हातात देऊन घरी पाठवायची. औषधाविना, बडबडत का होईना, तो खोलीत राहायचा. मालकाने करसवलत घेऊन खोली मोडली, तेव्हा तो पायरीवर आला. आजार जुना होता. नवी होती ती पायरी.

ऐंशीचं दशक उजाडलं तेव्हा सगळंच एकदम आलं. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. रेगन सरकारने अपंगत्व-भत्त्याच्या यादीतून लाखो नावं उडवली, इतकी की १९८४ मध्ये काँग्रेसला कायदा करून लगाम घालावा लागला. स्वस्त घरांसाठी दरवर्षी मंजूर होणारी केंद्रीय रक्कम त्या दशकात निम्म्याहून कितीतरी खाली आली. निक्सन यांनीही १९७३ मध्ये नवी मदत गोठवली होती, तेव्हा सगळं रेगन यांच्या खात्यावर टाकू नये. आजही भाड्याच्या मदतीला जे पात्र आहेत, त्यांतल्या चारांपैकी एकालाच ती मिळते. अन्नाचे कूपन पात्र असेल त्याला मिळतात. घराचं मात्र नंबर लागला तर.

जानेवारी १९८४ मध्ये रेगन टीव्हीवर म्हणाले की जाळीवर झोपणारी काही माणसं स्वेच्छेने तिथे झोपतात असं म्हणता येईल. ती जाळी म्हणजे इमारतींतली गरम हवा फुटपाथवर जिथून बाहेर पडते ती. त्याच वर्षी त्यांच्या गृहनिर्माण खात्याने बेघर अडीच ते साडेतीन लाख असल्याचं जाहीर केलं. वॉशिंग्टनमधले कार्यकर्ते मिच स्नायडर वीस-तीस लाख सांगत होते. कुठे अडीच, कुठे तीस! पुढे स्नायडर यांनी मान्य केलं की त्यांच्या आकड्याला आधार नव्हता. सगळे आकडा मागत होते म्हणून दिला. मला हा माणूस अवघड वाटतो. त्याने एका पडक्या सरकारी इमारतीचं शेल्टर व्हावं म्हणून ५१ दिवस उपोषण केलं, आणि निवडणुकीच्या दोन दिवस आधी रेगन सरकारने त्याची मागणी मान्य केली. पण फुगवलेल्या आकड्याने विरोधकांना आयतं कोलीत मिळालं हेही खरं. १९९० च्या जनगणनेत एका रात्रीत सुमारे २ लाख २८ हजार सापडले, तेव्हा स्नायडर यांनी आपल्या शेल्टरमध्ये गणकांना पाऊलही टाकू दिलं नव्हतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बॉवरी भागातल्या बेघरांच्या वतीने दावा लावला. आधार काय, तर राज्याच्या घटनेत १९३८ मध्ये, मंदीच्या आठवणी ताज्या असताना घातलेलं एक कलम, की गरजूंची काळजी ही सार्वजनिक जबाबदारी आहे. १९८१ मध्ये शहराने निवारा देण्याची लेखी हमी दिली. ज्याच्या नावाने दावा होता तो रॉबर्ट कॅलहन त्याआधीच, १९८० मध्ये, रस्त्यावर मेला होता. त्या हमीमुळे न्यूयॉर्कचे बहुतेक बेघर आजही शेल्टरमध्ये असतात, आणि कॅलिफोर्नियात अशी हमी नाही म्हणून काकूंना तंबू दिसले. दुसरं टोक म्हणजे ओरेगनमधलं ग्रँट्स पास हे छोटं गाव. तिथे उघड्यावर पांघरूण घेऊन झोपलं तर २९५ डॉलर दंड होता. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की हा दंड घटनेत बसतो. आपल्याकडे १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने फुटपाथवरच्या माणसाचा उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण नोटीस देऊन हटवायलाही परवानगी दिली. तेव्हा आपण फार ताठ मानेने बोलायला नको.

आता व्यसनाचा मुद्दा, म्हणजे काकूंच्या मुलाचा. त्याला माझं सांगणं एवढंच आहे की वेस्ट व्हर्जिनिया राज्याकडे बघ. ड्रग्जच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचं प्रमाण तिथे वर्षानुवर्षं देशात सगळ्यांत वरचं होतं. गरिबीही भरपूर. पण बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मानाने फारच कमी. मिसिसिपी हे तर सगळ्यांत गरीब राज्यांपैकी एक, आणि बेघर सगळ्यांत कमी असलेल्या राज्यांपैकीही एक. कारण तिथे पडक्या का होईना, जागा स्वस्त आहेत. व्यसनी भावाला बहीण मागच्या खोलीत ठेवून घेते. सॅन फ्रान्सिस्कोत बहिणीकडेच मागची खोली नसते.

लहानपणी आमच्या गावाहून तालुक्याला जाणारी शेवटची एसटी सुटायची. चाळीस जागा, पन्नास माणसं. मागे कोण राहायचं? लंगडा, म्हातारी, कडेवर पोर असलेली बाई, एखादा झिंगलेला. तुम्ही मागे राहिलेल्या प्रत्येकाला कारण विचारलंत, तर प्रत्येकाचं कारण खरंच निघणार, पाय, वय, पोर, दारू. पण दहाच माणसं का राहिली हे त्यांच्या पायात नाही, गाडीच्या बाकड्यांत आहे. अमेरिकेत काळे लोक लोकसंख्येच्या जेमतेम तेरा टक्के आणि बेघरांत जवळजवळ एकतृतीयांश. तीसच्या दशकापासून त्यांच्या वस्त्यांना गृहकर्ज मिळू नये अशी सरकारी नकाशांवर लाल रेघ ओढलेली होती. ते लोक स्टँडवरच उशिरा पोचले, किंवा पोचू दिले नाहीत म्हणा.

आणि बाकडी वाढवली की काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. माजी सैनिकांना २००८ नंतर भाड्याची मदत आणि सोबत उपचार, अशी योजना मोठ्या प्रमाणात दिली. आधी दारू सोड मग घर, अशी अट न घालता. २०१० मध्ये बेघर माजी सैनिक ७४,०८७ होते, २०२४ मध्ये ३२,८८२. त्याच १४ वर्षांत बाकीच्यांचा एकूण आकडा वाढला.

इथे कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. "मग त्या जुन्या खोल्या पुन्हा का बांधत नाहीत?" बरोबर विचारलंत. बहुतेक शहरांत त्या बेकायदा आहेत म्हणून. प्रत्येक घराला स्वतंत्र स्वयंपाकघर हवं, न्हाणी हवी, वर गाडीला जागा हवी, असे नियम आहेत. हळूहळू बदलतंय. कोविडच्या साथीत कॅलिफोर्निया सरकारने मोटेलं विकत घेऊन त्यांच्या खोल्या बेघरांना दिल्या. आणि मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्याने, म्हणजे जिथे तो मूळचा स्किड रोड होता त्या सिएटलच्या राज्याने, कायदा केला: कुलूप स्वतंत्र, स्वयंपाकघर सामाईक, अशा खोल्यांच्या इमारतींना शहरांनी परवानगी द्यावी. नाव मात्र नवं दिलं आहे, 'को-लिव्हिंग'.